समुपदेशक कुठे घडतो? : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत ‘समुपदेशक’ ही पाटी आता नवी राहिलेली नाही. एचआयव्ही तपासणी केंद्राच्या दारावर ती दिसते, किशोरवयीन मुलामुलींच्या ‘मैत्री’ क्लिनिकवर दिसते. तंबाखू नियंत्रण, मधुमेह-रक्तदाब, सिकलसेल, मानसिक आरोग्य असा प्रत्येक कार्यक्रम आला तो समजावून सांगण्याचं, ऐकून घेण्याचं थोडंफार काम सोबत घेऊनच आला. पाट्या वाढल्या ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक पाटीमागचा निधी वेगळा, तक्ता वेगळा आणि महिनाअखेरीला ज्या साहेबांकडे अहवाल पाठवायचा तो साहेबही वेगळा.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती सिकलसेलची वाहक आहे असं तपासणीत निघालंय. नवरा पितो. थोरली मुलगी आठवीनंतर घरी बसली आहे. आणि हिला गेले कित्येक महिने रात्रीची झोप नाही. घरात हे सगळं मिळून एकच दुखणं असतं. दवाखान्यात पाऊल ठेवलं की त्याची चार दुखणी होतात आणि ती चार खोल्यांत वाटली जातात. सिकलसेलवाला समुपदेशक रक्ताबद्दल बोलतो, किशोरवयीनवाला मुलीबद्दल विचारतो. झोपेबद्दल विचारणं कुणाच्याच तक्त्यात नसेल, तर ते बहुधा कुणी विचारत नाही. यात त्या माणसांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांना जे मोजायला सांगितलंय, तेच ते मोजतात.

या संग्रहातल्या लेखांमागचा विचार एवढाच आहे. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ महाविद्यालयात घडतो असं आपण धरून चालतो. म्हणून सुधारणेची चर्चा निघाली की ती अभ्यासक्रमापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात पदवी हातात घेऊन बाहेर पडलेला माणूस अर्धाच घडलेला असतो. उरलेला अर्धा त्याला आरोग्ययंत्रणा घडवते. रुग्णामागे किती मिनिटं मिळतात, नोंदवहीत कोणते रकाने आहेत, ऑर्डर किती महिन्यांची आहे, अडलं तर फोन कुणाला करायचा आणि आपण बोलतो ती भाषा समोरच्याला कळते का, या गोष्टी त्याला रोज शिकवत असतात. शहरात या शिकवणीवर बऱ्या पगाराचं, खासगी व्यवसायाचं पांघरूण असतं. सिरोंच्यात ते नाही.

सिरोंचा हे महाराष्ट्राचं अगदी दक्षिण-पूर्वेकडचं टोक. वर्धा आणि वैनगंगेचं पाणी घेऊन आलेली प्राणहिता इथे गोदावरीला मिळते. आणखी खाली, सोमनूरजवळ, बस्तरातून येणारी इंद्रावतीही येऊन मिळते. नदीपलीकडे कालेश्वर, म्हणजे तेलंगणा. इंग्रजी अमदानीत १८७४ पर्यंत सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. मग ते चांदा जिल्ह्यात गेलं आणि १९८२ साली चांद्यातून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याच्या शेवटाला राहिलं. जिल्ह्याचं ठिकाण आलापल्लीच्या जंगलातून दोनशे किलोमीटरच्या वर, आणि नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय साडेतीनशेच्याही पुढे. बाजारात, घरात, देवळात तेलुगू, आतल्या गावांत गोंडी-माडिया, कचेरीत मराठी. वारंगळ, करीमनगर, मंचेरियल ही शहरं नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. घरात कुणी ‘वेड्यासारखं’ करू लागलं, तर माणसं नदी ओलांडतात यात नवल नाही.

यंत्रणेला मात्र नदी ओलांडता येत नाही. पलीकडच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी इकडच्या औषधसाठ्याशी जुळत नाही. इकडच्या नोंदवहीत तो रुग्ण ‘उपचार सोडला’ म्हणून लागतो, तिकडच्या नोंदवहीत ‘पुन्हा आला नाही’ म्हणून. दोन्हीकडे आकडा खराब होतो, आणि माणूस कदाचित नियमित गोळ्या घेत असतो. इथे काम करणाऱ्या समुपदेशकाला कुठल्याच अभ्यासक्रमात न शिकवलेलं कौशल्य कमवावं लागतं. रुग्ण कोणत्या राज्याचा, हे न विचारता कोणत्या बसने आला हे विचारायचं आणि पिशवीतल्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरून आजवरच्या उपचाराचा माग काढायचा. वारंगळची पाकिटं, खासगी डॉक्टरची पाकिटं, मेडिकलवाल्याने स्वतःच दिलेल्या झोपेच्या गोळ्या, सगळं टेबलावर मांडलं की निम्मी हकिगत समजते.

मनाच्या उपचारांचं शिक्षण आजवर कसं होत आलं, याची मुळं जुनी आहेत. आपल्याकडे मानसिक आजाराची व्यवस्था वेड्यांच्या इस्पितळापासून सुरू झाली. नागपूरचं इस्पितळ १८६४चं. नैदानिक मानसशास्त्राचं पद्धतशीर शिक्षण बेंगळुरूच्या अखिल भारतीय संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, १९५५ साली सुरू झालं आणि तेही इस्पितळाच्या भिंतीआतच. त्यामुळे मानसशास्त्रज्ञाची पहिली ओळख डॉक्टरने पाठवलेल्या रुग्णाच्या चाचण्या घेणारा अशी ठरली. मुंबईत दुसरी एक वाट निघाली होती. १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा समाजकार्य संस्थेने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं, आणि मुलाबरोबर त्याचं घर आणि शाळा पाहण्याची रीत तिथे पडली. सरकारी यंत्रणेने वजन दिलं ते पहिल्या वाटेला. १९९२च्या कायद्याने नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे गेली, म्हणजे अपंगत्वाच्या चौकटीत. बाकीचे समुपदेशक कितीतरी वर्षं कुठल्याच परिषदेखाली नव्हते. त्यांच्यासाठी काही रचना यावी म्हणून संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ साली झाला.

याचा गडचिरोलीवर परिणाम काय झाला? नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी ज्या मोजक्या संस्थांत शिकावं लागतं त्या मोठ्या शहरांत. तिथे दोन वर्षं घालवून बाहेर पडलेल्या मुलीला खाटा, वॉर्ड आणि वरिष्ठ डॉक्टर असलेल्या ठिकाणी काम करण्याची सवय लागते. तिने जिल्ह्याला यावं असं आपल्याला वाटतं. पण तिला ज्या कामासाठी तयार केलं, ते काम जिल्ह्यात नाही. आणि जिल्ह्यात जे काम आहे त्यासाठी तिला कुणी तयार केलेलं नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. गडचिरोली जिल्हा आणि हा कार्यक्रम एकाच वयाचे. त्यातून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. सगळे त्याला डीएमएचपी म्हणतात. कागदावर त्याची टीम चांगली आहे : मानसोपचारतज्ज्ञ, नैदानिक मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, प्रशिक्षित परिचारिका, नोंदी ठेवणारा माणूस. जिल्हा रुग्णालयात ओपीडी चालवायची आणि तालुक्यांना ठरावीक दिवशी शिबिराला जायचं, असं काम. पदं बहुतेक कंत्राटी.

दूरच्या तालुक्यातला शिबिराचा दिवस कसा जातो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. गाडी पहाटे निघते. रस्ता आणि पाऊस यांच्या मर्जीने दहा-अकरापर्यंत पोहोचते. दवाखान्याने एक खोली मोकळी करून ठेवलेली असते. तिच्यात आधीपासून लसीचे डबे, मोडका स्टूल आणि गेल्या वर्षीच्या पोस्टरांचा गठ्ठा असतो. बाकावर माणसं सकाळपासून बसलेली. परतीचं जंगल दिवसाउजेडी गाठायचं, म्हणून तीनच्या आत आटोपायचं. रुग्ण आत येतो, सोबत सासू किंवा मेहुणा. प्रश्न मराठीत, उत्तर तेलुगूत आणि मधे दुभाषा म्हणून तोच मेहुणा. घरात मारहाण होते का, हे मेहुण्याच्या तोंडून कसं विचारणार? समुपदेशक शहाणा असेल, तर तो प्रश्न टाळतो आणि सिस्टरला डोळ्याने खुणावतो. स्थानिक सिस्टरला तेलुगू येतं. ती त्या बाईला वजन करायच्या निमित्ताने बाजूला घेते. त्या वजनकाट्याजवळ जे बोलणं होतं, ते त्या दिवसातलं खरं समुपदेशन.

नोंदवहीत त्यातलं काय उतरतं? अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री/पुरुष, गाव, नवा की जुना, निदान, औषध, सही. वजनकाट्याजवळच्या पाच मिनिटांसाठी रकाना नाही. सिस्टरच्या कामात ते धरलं जात नाही आणि पुढच्या खेपेला तिची बदली झालेली असेल, तर ती वाटही बंद होते. वर्षभर असं काम केलेला समुपदेशक काय शिकतो? भराभर निदान लिहायला शिकतो. ज्याची नोंद होत नाही ते हळूहळू करेनासा होतो. तो आळशी म्हणून नव्हे, तर महिन्याच्या बैठकीत त्याला एकच प्रश्न विचारला जातो म्हणून : नवे किती, जुने किती?

कंत्राटाचं त्याहून अवघड. या कामात विश्वास बसायलाच सहा महिने जातात आणि ऑर्डर अकरा महिन्यांची. माडिया गावातली एखादी आई तिसऱ्या भेटीत थोडी मोकळी होते. चौथ्या भेटीला माणूस नवा. मग ती पुन्हा पहिल्यापासून सांगत नाही. ‘गोळी द्या’ एवढंच म्हणते. औषध तेवढं टिकतं, बोलणं गळून पडतं.

कुणाचं दुःख मोजायचं, हेही यंत्रणाच ठरवते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची आणि गरजूंना समुपदेशन मिळवून द्यायचं, अशी रचना. तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी होता. गडचिरोली त्यात नव्हता. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं घेतली गेली. महाराष्ट्र त्यात नव्हता. सिरोंच्याचे प्रश्न तर कुठल्याच ठरलेल्या नावाखाली येत नाहीत. मेडिगड्डा धरणाच्या पाण्यात गेलेली शेतं आणि मोबदल्याची भांडणं, जुलै २०२२च्या पुरात रातोरात सोडावी लागलेली घरं, पोलीस आणि नक्षलवादी यांच्या मधोमध काढलेली वर्षं. याला आजार म्हणावं का, हा वादाचा मुद्दा आहे. यातून झोप उडते, हा वादाचा मुद्दा नाही.

हे सगळं वाचून निराश व्हावं असा या संग्रहाचा हेतू नाही. कारण यंत्रणा माणूस घडवते याचे चांगले दाखलेही याच जिल्ह्यात आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. वसा आणि अमिर्झा या गावांतल्या स्त्रियांचा त्यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. विचारलं, ऐकलं, म्हणून कळलं. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा माग घेतला, तेव्हा तिचा संबंध जंतुसंसर्गाहून जास्त मनाच्या ताणाशी आणि घरातल्या त्रासाशी लागला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की दिसतं, बाईची एकच तक्रार डॉक्टरने अंगाकडून ऐकली तर एक कळतं आणि मनाकडून ऐकली तर दुसरं. दोन्ही कानांनी ऐकणारं माणूस गावात हवं.

तसं माणूस तयार करता येतं, हे ‘सर्च’च्या आरोग्यदूतांनी दाखवून दिलं. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रिया नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकल्या. ३९ गावांत बालमृत्यू केवढे उतरले, ते १९९९च्या ‘लॅन्सेट’मधून जगाने वाचलं : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर नेला. भेटी राहिल्या, इंजेक्शन आशाच्या हाती राहिलं नाही, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये असा हिशेब ठरला. तेच काम यंत्रणेत गेलं तेव्हा त्याचा आकार बदलला. मनाच्या आरोग्यात हेच होऊ शकतं, म्हणून हा इतिहास समुपदेशकांनी वाचायला हवा.

गोव्याच्या ‘संगाथ’ने नैराश्यासाठी बिगरतज्ज्ञ समुपदेशक तयार केले. मानसशास्त्राची पदवी नसलेली ही माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून सहा ते आठ भेटींचा उपचार देत. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले, नेहमीच्या पद्धतीत ३९ टक्के. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, ‘विश्राम’ प्रकल्पाने हाच धागा पुढे नेला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे सहा पट झालं. या आकड्यांवरून ‘थोड्या प्रशिक्षणात काम भागतं’ असा सोयीचा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. गोव्यातल्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत. दर आठवड्याला ते एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकत आणि गुण देत. प्रशिक्षण लहान होतं, देखरेख लहान नव्हती. सरकारी यंत्रणेत नेमकं उलटं होतं. चार दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्र, फोटो आणि त्यानंतर वर्षभर कुणी विचारत नाही.

बाहेरच्या जगातही हाच हिशेब दिसतो. इंग्लंडने २००८ साली बोलण्याच्या उपचारांसाठी मोठा सरकारी कार्यक्रम उभारला आणि त्यासाठी वर्षभराच्या प्रशिक्षणातून एक नवं पदच निर्माण केलं. दर भेटीला प्रश्नावलीचे गुण लिहायचे, अर्धे तरी रुग्ण बरे झालेले दिसले पाहिजेत, असं लक्ष्य. लाखो लोकांपर्यंत उपचार पोहोचला. गुणांकडे एक डोळा ठेवून बोलणाऱ्या समुपदेशकांची पिढीही तयार झाली. अमेरिकेत विमा कंपनी पैसे देते, म्हणून पहिल्या भेटीतच निदानाचा आकडा लिहावा लागतो आणि किती भेटी हे कंपनी विचारते. आपला समुपदेशक ना विम्यातून घडतो ना गुणांतून; तो घडतो शिबिराच्या गर्दीतून आणि महिनाअखेरीच्या तक्त्यातून.

दारूचा प्रश्न इथे वेगळ्या रीतीने मांडावा लागतो, म्हणून संग्रहात त्यावर स्वतंत्र भाग आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या आंदोलनातून आली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी कार्यक्रमाने गावसंघटना आणि तालुक्याच्या ठिकाणची व्यसन उपचार क्लिनिकं अशी जोड दिली. बंदीच्या जिल्ह्यात पिणारा माणूस समुपदेशकासमोर बसतो, तेव्हा तो रुग्णही असतो आणि गुन्ह्याच्या काठावरही असतो. किती पितोस, या प्रश्नाचं खरं उत्तर तो का देईल? सिरोंच्याला नदीपलीकडे दुकान उघडं आहे आणि शिंदीची झाडं दारात आहेत. २०१५ साली तेलंगणात भेसळीच्या ताडीवर धाड पडली, तेव्हा ती अचानक बंद झाल्याने शेकडो माणसं झटके, भ्रम घेऊन दवाखान्यात आली होती. पुरवठा तोडला की पाठोपाठ उपचाराची सोय हवी, हा त्याचा धडा.

आणि पुजारी. गावात माणूस बिघडला की आधी त्याच्याकडे नेतात. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवलं, ते आवश्यकच होतं. पण मारझोड, डाग देणं हे नसलेला, रात्रभर आजाऱ्याजवळ बसणारा पुजारीही गावात असतो. त्याच्याशी समुपदेशकाने वैर घ्यायचं, दुर्लक्ष करायचं की बोलायचं, यावर या संग्रहातले लेखक एकमताचे नाहीत. ते मतभेद तसेच ठेवले आहेत.

मग करायचं काय? दोन-तीन गोष्टी तरी साध्या आहेत. एका तालुक्यात एकच समुपदेशक, पण सगळ्या कार्यक्रमांचा. त्याच्या पगाराला चार योजनांनी हातभार लावावा. तेलुगू किंवा माडिया येणाऱ्या स्थानिक उमेदवाराला प्राधान्य आणि जास्त पगार. दर आठवड्याला फोनवर का होईना, अनुभवी माणसाबरोबर एक तास. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रुग्णाला मराठीत आणि तेलुगूत बोलता येतं, तशी सोय समुपदेशकालाही हवी. आणि नोंदवहीत एक रकाना : आज काय ऐकलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय मापाला नेण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करायचा, असं तो सरकारला सांगतो. ती मुदत २०२८ मध्ये संपते. डोकी मोजून ती पाळली असं दाखवता येईल. ती डोकी कोणत्या कामासाठी तयार केली, हे कायदा विचारत नाही. ते आपण विचारायचं.

विचारायला ही वेळ बरी आहे. गडचिरोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं, १०० जागांचं. पहिली तुकडी २०२९च्या सुमारास इंटर्नशिपला येईल आणि नियमाप्रमाणे त्यातले दोन आठवडे मानसोपचाराला असतील. ते दोन आठवडे जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात काढायचे की शिबिराच्या गाडीत बसून सिरोंच्याला यायचं, हे अजून सवयीचं झालेलं नाही. एकदा वेळापत्रक बसलं की ते हलत नाही. तेव्हा या संग्रहाचा पहिला वाचक आम्ही त्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर सही करणारा माणूस धरला आहे. बाकीच्यांनीही तो वाचावा; पण त्याने आधी वाचावा आणि दोन आठवड्यांपैकी एक तरी सिरोंच्याला द्यावा.